तिरक्या उजेडातले चौदा कागद

११ जानेवारी

दादा,

या पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, पण सोबतच्या फॉर्मवर सही करून तो परत पाठव.

तुझा पत्ता मोजणी खात्याच्या कचेरीतून मिळाला. फोनवरच्या माणसाने विचारलं, "आपण कोण?" मी म्हटलं, "बहीण." तो "त्यांना बहीण आहे?" म्हणाला, आणि मग पत्ता सांगितला.

संस्थेत बाबांच्या नावाने दालन होतंय. वीस एप्रिलला उघडेल. त्याच दिवशी त्यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघेल. दोन्हींसाठी दोन्ही मुलांची संमती लागते. दालनाच्या मधल्या भिंतीवर बाकीच्यांहून उलट्या दिशेच्या लिपीचे ते चौदा कागद लागणार आहेत. भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'दुसरं घराणं' असं लिहायचं ठरलंय. हे तुला आधी कळावं म्हणून लिहिते आहे. मत मागत नाही.

बाबांनी नदीकाठच्या दगडांवरची जुनी लिपी गिरवलेल्या सगळ्या कागदांचे फोटो काढायचं काम माझ्याकडे आहे. एकूण दोनशे एकतीस. प्रत्येक कागदाचे आठ फोटो, आठ बाजूंनी दिवा तिरका ठेवून. तिरक्या उजेडात कागदावरचा केसाएवढा उंचसखलपणाही दिसतो. खोली तळघरात आहे. खिडकी नाही, त्यामुळे काम चांगलं होतं. दिवसाला दहा कागद होतात.

तुझी आणि बाबांची जुनी पद्धत मी पाळते. एकाने क्रमांक आणि स्थिती मोठ्याने सांगायची, दुसऱ्याने कागद बघून 'बरोबर' म्हणायचं, मगच वहीत नोंद. खाली दुसरं कोणी नसतं म्हणून दोन्ही मीच म्हणते. पहिल्या दिवशी विचित्र वाटलं. आता वाटत नाही.

चौदा कागद शेवटी ठेवले आहेत. कारण तांत्रिक आहे.

बाबा दवाखान्यात होते तेव्हा शेवटच्या आठवड्यात म्हणाले होते, "ते चौदा तू बघ." त्याला तीन वर्षं झाली. तू आला नव्हतास, म्हणून सांगितलं.

घर ठीक आहे. त्यांची खोली आहे तशीच आहे.

— तुझी बहीण

१३ फेब्रुवारी

दादा,

फॉर्म आला नाही. दुसरी प्रत जोडली आहे.

एक तांत्रिक बाब कळवायची आहे. तू मोजणीचं काम करतोस, तेव्हा समजेल.

पेन्सिल दाबून ओढली की कागदावर बारीक चर पडतो. त्याच रेषेच्या मागच्या बाजूला तेवढाच उंचवटा येतो. वरून शाई फिरवली तरी चर बुजत नाही. तिरक्या उजेडात चराची सावली एका कडेला पडते, उंचवट्याची दुसऱ्या कडेला. म्हणजे शाई पेन्सिलीच्याच बाजूने लागली की मागच्या बाजूने, हे फोटोवरून सांगता येतं. बाबांचा नियम तुला पाठ असेल: दगडावर कागद ठेवून आधी पेन्सिल, मग मुक्कामावर त्याच बाजूने शाई.

दोनशे सतरा कागद झाले. दोनशे सतरांवर शाईच्या खाली चर आहे.

चौदांपैकी काल पहिले तीन केले. तिन्हींवर उंचवटा आहे.

दिव्याची दिशा वहीत चुकली असेल असं धरून आज पुन्हा केले. दिवा हाताने धरून केले. मग मुद्दाम एका कोऱ्या कागदावर पेन्सिलीने रेघ ओढली आणि तिचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले. दिवा बरोबर आहे.

अजून अकरा बाकी आहेत. तीन हा निष्कर्ष काढायला लहान आकडा आहे.

— तुझी बहीण

२७ फेब्रुवारी

दादा,

चौदाच्या चौदा.

फोटोवर विसंबायचं नाही म्हणून बाइंडर काकांकडे गेले. तुला आठवतात ना? नदीकाठच्या त्या प्रवासानंतर सगळे कागद पुठ्ठ्यावर त्यांनीच चिकटवले होते. आता त्यांना कमी दिसतं, पण बोटांना सगळं कळतं. नववा कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि पुठ्ठ्यावरून सोडवून द्या म्हटलं.

"माझी खळ आहे ही," ते म्हणाले. "वीस वर्षं धरून बसलीय. आणि तू म्हणतेस सोडव. बापाने घालवलेल्या पोराला आणायला सांगितलं असतंस तर ते सोपं होतं."

मी पुठ्ठा त्यांच्याकडे आणखी सरकवला.

"बरं, तोंड वाकडं करू नकोस. पाणी आण. कोमट. उकळतं आणलंस तर तुझाच फोटो भिंतीला लावीन."

दोन तास लागले. कागद सुटला. त्यांनी तो उलटा करून माझ्या हातात दिला. मागच्या बाजूला पेन्सिल होती, अगदी स्वच्छ, बाबांच्या हाताची, वीस वर्षं पुठ्ठ्याकडे तोंड करून राहिलेली. तिच्यावर शाईचा ठिपकाही नव्हता.

काका म्हणाले, "मला शाईची बाजू वर ठेवा म्हणून सांगितलं होतं. मी ठेवली. मी चिकटवतो, वाचत नाही."

म्हणजे चौदा दगड बाकीच्या दगडांसारखेच होते. उजवीकडून डावीकडे लिहिलेले. कागद उलट्या बाजूने शाईत आले, म्हणून अक्षरांनी तोंड फिरवलं. बाबांनी लावलेले अक्षरांचे उच्चार शाबूत आहेत, कारण सगळी ओळच फिरली, अक्षरांचा क्रम तोच राहिला. नवव्यावरचा 'मुलगी' हा शब्दही शाबूत आहे, सबंध लिपीत एकदाच आलेला, जो ते पाहुण्यांना हमखास दाखवायचे. पण उलट्या दिशेने लिहिणारं दुसरं घराणं नव्हतं. त्या नदीकाठी एकच लोक राहत होते. पुस्तकाचे शेवटचे दोन भाग आणि दालनाची मधली भिंत ज्यावर उभी आहे, ती वस्तुस्थिती नाही.

दगड धरणाच्या पाण्याखाली गेले. दगडांच्या फोटोंची फिल्म पहिल्याच आठवड्यात भिजली होती. कागदांखेरीज पुरावा नव्हता, आणि कागद असे.

शाई कोणी फिरवली हे तुला माहीत आहे. वहीत नोंद आहे. तरी लिहिते: मी. वय नऊ.

त्या दुपारी तुम्ही दोघं नदीपलीकडे गेला होतात. चौदा कागद टेबलावर होते, क्रमांकांच्या चिठ्ठ्या टाचणीने लावलेल्या. मी डावरी. उजवीकडून डावीकडे शाई फिरवत गेलं की माझा तळहात पुढच्या, अजून शाई न लागलेल्या पेन्सिलीवरून घासत जायचा. त्या आधीच्या आठवड्यात दोन कागद तसे काळे केले होते आणि बाबा म्हणाले होते, "हात काळा, कागद काळा, आता दगड तेवढा काळा करून ये." तू हसला होतास. आई जाऊन तेव्हा सात महिने झाले होते आणि मला त्या मुक्कामावरून मावशीकडे धाडतील अशी भीती होती.

तो पातळ कागद उलटा केला की पेन्सिल पलीकडून दिसते आणि हाताला लागत नाही. चौदाही कागद तसे केले. क्रमांकही त्याच बाजूला घातले.

संध्याकाळी बाबांनी माझा हात धरून तुला दाखवला होता. "बघ, शिकली. हात कसा धुतल्यासारखा." मावशीकडे मला धाडलं नाही.

— तुझी बहीण

१२ मार्च

दादा,

मागचं पत्र मी दोनदा वाचून पेटीत टाकलं होतं. त्यात सगळं खरं आहे, पण ते नऊ वर्षांच्या मुलीचं पत्र आहे. नऊ वर्षांच्या मुलीला कोणीही माफ करतं. म्हणूनच मी तिथे थांबले असणार.

ज्या सभेनंतर तू गेलास तिच्याबद्दल लिहायचं आहे. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते.

तुझा निबंध तेव्हाच छापून आला होता. त्यात तू म्हटलं होतंस: चौदा दगडांवरच्या अक्षरांची तोंडं बाकीच्यांसारखीच होती, नवव्याचा फुटका कोपरा उजवीकडे होता, तू त्याला पाठीवरची पिशवी टेकवायचास. कागदावर तो कोपरा डावीकडे आहे. संस्थेच्या वाचनालयात तीसेक माणसं होती. बाबा म्हणाले, "आठवण म्हणजे पुरावा नव्हे. मला तर दगडांपेक्षा डासच जास्त आठवतात." लोक हसले. मग तू म्हणालास, "बाबा, कागद चुकू शकतो." त्यावर त्यांनी हसणं थांबवलं आणि मागे वळून मला शोधलं. मी दाराजवळच्या खुर्चीत होते. त्यांनी कामावर सांगतात तसंच सांगितलं, त्याच आवाजात:

"चौदा कागद. शाई पेन्सिलीच्या बाजूने."

आणि मी म्हटलं, "बरोबर."

तुला वाटलं असेल, हिला आठवत नाही. पहिल्या पत्रात मी 'तांत्रिक कारण' लिहिलं तेव्हा तू तेच समजावंस अशी माझी इच्छा होती. ते खरं नाही. मला आठवत होतं. किती कागद ते नक्की आठवत नव्हतं. दोन-तीन असतील असं मी स्वतःला सांगितलं. पण कागद उलटा केल्याचं आठवत होतं, त्याचा गुळगुळीतपणासुद्धा. तू माझ्याकडे पाहत होतास. माझ्या तोंडून शब्द निघून संपेपर्यंत तू नजर काढली नाहीस. मग कागदपत्रं गोळा केलीस. बाबा म्हणाले, "ज्याला दगडाचा डावा-उजवा कळत नाही त्याने दुसरं काहीतरी मोजावं." तू खरोखरच ते केलंस.

आणखी एक. तू गेल्यावर घरात त्यांच्याशी बोलायला मीच उरले. ते पानं वाचून दाखवायचे, मी ऐकायची. मला ते आवडलं. साधारण सहा महिने आवडलं. त्यानंतर ते वाचताना मधेच थांबून दाराकडे बघायला लागले, आणि मग वाचून दाखवणंच बंद झालं.

त्यांना माहीत होतं का, हे मी शोधलं. त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात नवव्या कागदाची एक नक्कल सापडली, उलट्या बाजूने काढलेली. तारीख तू गेल्यानंतरच्या वर्षाची. कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात दोन शब्द: 'बाजू तपासणे'. पुढे काही नाही. दोनशे सतरा कागदांवर प्रश्नचिन्हं, बाण, तारखा यांची गर्दी आहे. इथे दोन शब्द, आणि सहा वर्षं शांतता.

दवाखान्यातलं त्यांचं वाक्यही मी तुला अर्धंच सांगितलं. पूर्ण वाक्य असं: "ते चौदा तू बघ. दुसऱ्या कोणाला देऊ नकोस."

हे दुरुस्त कर म्हणून सांगितलं की झाकून ठेव म्हणून, मला ठरवता येत नाही. माझी काळजी होती की पुस्तकाची, तेही. दिवा कुठूनही धरला तरी त्या वाक्याला एकच कड दिसत नाही.

— तुझी बहीण

२ एप्रिल

दादा,

उत्तर नाही, पण पत्रं परतही येत नाहीत. मी एवढी नोंद करून ठेवली आहे.

काल संचालक मॅडमना फोटो आणि सुटलेला नववा कागद दाखवला. त्यांनी दार लावून घेतलं. फोटो एकेक करून पाहिले. मग म्हणाल्या, "तू अभियंता आहेस. तुला सरांचं काम वाचता येतं?"

"नाही. उजेड वाचता येतो."

"एकोणीस दिवस राहिलेत. भिंत रंगवून झाली आहे."

"भिंत पुन्हा रंगवता येईल."

"आणि सर?" त्या म्हणाल्या. "त्यांना पुन्हा रंगवणार आहेस का? लोक म्हणतील, म्हातारा आयुष्यभर एका पोरीच्या हाताने फसला. लिपी त्यांनीच वाचली हे कोणी लक्षात ठेवणार नाही. एवढंच लक्षात ठेवतील."

त्या वाईट बाई नाहीत. बाबांच्या शेवटच्या आजारात आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांनी मार्गही सुचवला: या वर्षी जसं आहे तसं उघडू, पुढल्या वर्षी एखाद्या नियतकालिकात लहान टीप देऊ, 'काही कागदांच्या दिशेबाबत शंका' अशी. नाव कोणाचंच नको.

"सही तुझीही लागणार आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या मुलाचा फॉर्म आलेला नाही, पण त्याचं मी बघून घेईन. त्याला यात रस नाही असं दिसतंय."

तेव्हा मी म्हटलं, "दहा वर्षांपूर्वी त्याने हेच लिहिलं होतं. छापून आलंय. तो बरोबर होता."

"तुलाच विचारलं होतं ना तेव्हा भर सभेत? मी होते तिथे."

"मी खोटं बोलले."

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "मग आता कशाला गं? तो गेला, सर गेले. कोणासाठी?"

घरी येऊन टिपण लिहिलं. पान दीड. फोटो सहा. पहिल्या परिच्छेदात तुझ्या निबंधाचा उल्लेख आहे, सालासकट. दुसऱ्यात शाई कोणी, कोणत्या बाजूने आणि का फिरवली. तिसऱ्यात सभेत मी काय म्हटलं, ते. बाबांच्या त्या दोन शब्दांचा फोटो जोडला आहे, अर्थ लावलेला नाही. आज सकाळी ते पुस्तकाच्या छापखान्यात आणि संस्थेच्या नियतकालिकात दोन्हीकडे दिलं. माझ्या फॉर्मवर सही केली नाही.

तुझ्यासाठी प्रत जोडली आहे. यात काही चुकलं असेल तर फक्त तूच सांगू शकतोस. तिथे होतो ते आपण तिघं. त्यातली मी खोटं बोललेली, आणि बाबा नाहीत.

— तुझी बहीण

२१ एप्रिल

दादा,

दालन काल उघडलं नाही. मॅडमनी तारीख पुढे ढकलली आहे, भिंत पांढरी केली आहे. माझ्याशी त्या कामापुरतं बोलतात. छापखान्याने शेवटचे दोन भाग थांबवलेत. तिघांनी मला फोन करून बरंच सुनावलं. चौथा बाबांचा जुना विद्यार्थी होता. तो म्हणाला, "सर असते तर..." आणि पुढचं वाक्य त्याला सुचलं नाही.

तुझं कार्ड शनिवारी आलं. संस्थेच्या पत्त्यावर का पाठवलंस ते कळलं नाही. घर बदललं असेल असं तुला वाटलं का? मी ते तळघरात वाचलं. पुन्हा इथे उतरवून काढते, कारण नोंद दोन ठिकाणी असावी:

'डावरे, तुझं अक्षर अजून तसंच आहे. टिपणात एक गोष्ट राहिली आहे. त्या संध्याकाळी बाबांनी तुझा हात दाखवला तेव्हा मी तो पाहिला. चौदा कागदांना पेन्सिलीच्या बाजूने शाई फिरवून तुझा हात स्वच्छ राहणं शक्य नव्हतं. मला तेव्हाच कळलं. सभेत कागदाची बाजू काढली असती तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं, म्हणून मी फक्त दगडांबद्दल बोललो. तू बोलशील असं वाटलं होतं. बाकी टिपण तपासलं. बरोबर.'

शेवटचा शब्द वाचून मी वही उघडली आणि चौदाही नोंदी पुन्हा मोठ्याने वाचल्या. प्रत्येक नोंदीनंतर थांबले. या वेळी 'बरोबर' मी म्हटलं नाही.

तुला कळलं होतं. बाबांनाही कळलं असणार. तुम्ही दोघांनी आपापल्या जागी तोंड मिटून ठेवलंत आणि मधे मी होते, साफ हाताची. त्याबद्दल आभार मानायचे की भांडायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. समोर असतास तर बहुधा भांडले असते.

नवव्या कागदाला आता पुठ्ठा लावायचा नाही असं ठरलं आहे. दोन काचांच्या मधे तो उभा करणार, दोन्ही बाजू दिसतील असा. बाइंडर काका काच बसवून देणार आहेत. म्हणाले, "त्या मोजणीदाराला सांग, फुटका कोपरा कुठे होता ते येऊन दाखव, मी काही दोनदा काच कापणार नाही." मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ते थांबतील. बाबांची खोली झाडून ठेवली आहे. खाट तीच आहे, तुझे पाय बाहेर येतील.

हे पत्र पेन्सिलीने लिहिलं आहे. ओळींवर डाग पडले आहेत, शेवटच्या पानावर जास्त. मी कागद उलटवला नाही.

— डावरी